चार वर्षांची गाडी

“भाड्याची” हा शब्द भाऊंनी सकाळपासून सात वेळा उच्चारला होता, आणि कंपनीची बाई अजून यायचीच होती.

“भाड्याच्या गाडीतून उतरून आपण दुसऱ्याचे काटे तपासायचे. बरं दिसतं का ते?”

“व्हॅन ढकलत गेलेलं बरं दिसायचं का?” टाचणी म्हणाली.

भाऊंनी कमरेचा पट्टा सैल केला आणि पुन्हा आवळला. कंबर गेल्यापासून हा त्यांच्या बोलण्यातला स्वल्पविराम झाला होता.

व्हॅन गेल्याला अठरा दिवस झाले होते. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात “किती वर्षं वापरली?” असं विचारलं, तेव्हाच भाऊ काय ते समजले. त्या दिवसापासून दुकानाचं बाहेरचं काम बंद होतं. वजनकाटे दुरुस्त करायचे, वर्षातून एकदा तपासून दाखला द्यायचा, हा घरातला तिसऱ्या पिढीचा धंदा. छोटे काटे लोक पिशवीत घालून आणून देत. पण धान्याच्या कोठारातला काटा, भंगारवाल्याकडचा काटा कोण पिशवीत घालणार? तिथं आपणच जायचं, वीस-वीस किलोची लोखंडी वजनं गाडीत टाकून.

आणि येत्या एक तारखेपासून औषधांच्या चाळीस दुकानांचे काटे नव्यानं अंगावर येणार होते. ते काम टाचणीनं मिळवलं होतं. भाऊंची ही एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची; बारीक, लखलखीत आणि टोचणारी, म्हणून टाचणी. वडिलांची कंबर गेल्यापासून सहा महिने बाहेरचं सगळं तीच बघत होती. आज पाचच्या आत गाडीचं ठरलं नाही तर भाऊ बाहेरचं काम शेजारच्या गावातल्या एका काटेवाल्याला देऊन टाकणार होते. तसं त्याला त्यांनी कळवूनही ठेवलं होतं. मग दुकानात बसून स्प्रिंगा बदलायला एक माणूस पुरे होता, आणि तो माणूस म्हणजे भाऊ.

हे टाचणीला ठाऊक होतं. भाऊंनाही ठाऊक होतं. म्हणून ती दोघं सकाळपासून गाडीवर भांडत होते.

दुकानामागच्या खोलीतल्या लांब टेबलाच्या टोकाला थोरली बसली होती. भाऊंच्या थोरल्या भावाची बायको. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याची भागीदारी, त्याची खुर्ची आणि त्याचा चष्म्याचा डबा तिच्याकडे होता, आणि तिन्ही ती वापरत होती. समोर पितळी वजनांची पेटी उघडी होती. एकेक वजन चिमट्यानं उचलायचं, मऊ चामड्यानं पुसायचं, परत त्याच्या खळग्यात ठेवायचं. बोट लागता कामा नये. बोटाच्या घामानंसुद्धा वजन बदलतं. एकतीस वर्षं ती हे करत आली होती, आणि एकतीस वर्षं दुकानाची खेपांची वहीही तिनंच लिहिली होती. बोलायची कमी. त्यामुळे ती ऐकत नाही असा घरात एक समज होता.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला,” भाऊ म्हणाले.

“आधी ऐकू तर द्या,” थोरली म्हणाली. “नाही म्हणायला पाचपर्यंत वेळ आहे.”

*

आत्या बरोबर अडीचला आली. बँकेत कर्जाच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढलेली बाई. निवृत्त झाली तरी समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं गृहीत धरूनच खुर्चीत बसायची. तिला भाऊंनी बोलावून घेतलं होतं, म्हणजे ती भाऊंच्या बाजूची. तशी ती आलीही होती.

“बाळ्या, कंबर कशी आहे?”

“ताई, पन्नास उलटले माझे. लोकांसमोर बाळ्या म्हणू नकोस.”

“लोक कुठायत?”

लोक तेवढ्यात आले. गाडीच्या कंपनीची प्रतिनिधी दारात उभी राहून बुटांवरची धूळ पायपुसण्याला देत होती. तिशीच्या आतबाहेरची, हातात फुगलेली फाइल.

“गाडी कुठं लावलीत?” भाऊंनी विचारलं. पाहुण्यांच्या गाडीत त्यांना पाहुण्यांपेक्षा जास्त रस असे.

“बसनं आले.”

“गाडीच्या कंपनीत असून?”

“मला परवडत नाही,” ती म्हणाली, आणि इतक्या सरळपणानं म्हणाली की भाऊंना पुढचा टोमणा गिळावा लागला. आत्यानं मात्र मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. कर्जाच्या खिडकीवर असं उत्तर वर्षातून एकदा ऐकू यायचं.

प्रतिनिधीनं फाइल उघडली. महिन्याला बावीस हजार, अठ्ठेचाळीस महिने. तीन महिन्यांचं भाडं आधी अनामत. विमा, सर्व्हिसिंग आणि एकदा चारही टायर त्यातच. चार वर्षांनी गाडी परत द्यायची, किंवा चार लाख ऐंशी हजार भरून ठेवून घ्यायची. हा भाव आज पाचपर्यंत. सोमवारपासून नवी यादी. आज सही झाली तर रविवारी गाडी दारात.

“म्हणजे साडेदहा लाख भरायचे,” भाऊ म्हणाले, “आणि शेवटी हात हलवत घरी यायचं.”

“बाबा, त्या चार वर्षांत गाडी चालणार आहे ना? का कपाटात ठेवणार आहोत?”

“विकत घेतली तर शेवटी गाडी तरी आपली होते. ताई, सांग ना.”

आत्यानं पर्समधून पेन काढलं. फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं आकडे मांडायला घेतले, आणि मांडता मांडता तिला ती जुनी, सुखाची तंद्री लागली. बारा लाखांची गाडी. अडीच लाख आधी रोख. उरलेल्याचा पाच वर्षांचा हप्ता महिना वीस हजार. विमा आणि सर्व्हिसिंग धरा महिना साडेपाच. आणि हे सगळं त्या पोरीनं आधीच करून ठेवलं होतं! टाचणीनं पुढं सरकवलेल्या कागदावर तेच आकडे, तेच रकाने, खाली पुसट पेन्सिलीनं “व्याजदर आत्याला विचारणे” असं लिहून पुढं बरोबरची खूण. विचारलं होतं खरंच, गेल्या आठवड्यात, फोनवर, हवापाण्याच्या गप्पांत. आत्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“बाळ्या,” ती पेनाला टोपण लावत म्हणाली, “अडीच लाख आहेत?”

भाऊ वहिनींकडे पाहू लागले.

“नव्वद हजार आहेत,” थोरली चिमट्यातल्या वजनाकडे बघत म्हणाली. “बाकीचे प्रमाणित वजनं घेण्यात गेले.”

“मग विकत घेण्याची गोष्ट माझ्यासमोर काढू नकोस. मुलीनं हिशेब चोख केलाय. माझ्या खिडकीवर अशी पाच माणसं आली असती तर मी निवृत्तच झाले नसते.”

टाचणीचे कान लाल झाले. भाऊंना आपण बोलावलेला साक्षीदार भर कोर्टात उलटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी, कुणाला सांगायचं नाही अशा एका कोपऱ्यात, छाती थोडी फुगली. चोख म्हणाली. ताईनं आयुष्यात त्यांना स्वतःला कधी चोख म्हटलं नव्हतं.

तरी त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “वजनांचं काय? मागं लोखंडी कप्पा वेल्डिंग करावा लागेल. व्हॅनला केला होता तसा.”

“गाडीला भोक पाडता येणार नाही,” प्रतिनिधी म्हणाली. “वेल्डिंग नाही, स्क्रूसुद्धा नाही. परत देताना तपासणी होते. नेहमीची झीज आम्ही धरत नाही. पण तळहाताएवढा पोचा असेल, पत्रा कापलेला असेल, तर त्याचे पैसे लागतात.”

“मग गाडी कुणाची?”

“कंपनीची.”

“आणि हप्ता?”

“तुमचा.”

“वा!” भाऊ म्हणाले. “लग्न आमचं आणि नवरी शेजाऱ्याची.”

आत्या खो-खो हसली. प्रतिनिधीही हसली, मग ओठ मिटून फाइलीत पाहू लागली.

“लाकडी खोका करायचा,” थोरली म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मागच्या जागेच्या मापाचा, बरोबर बसता. खाली जाड रबर. खोका हलणार नाही, वजनं खोक्यात हलणार नाहीत, आणि परत द्यायच्या दिवशी उचलून बाहेर काढायचा. या पेटीला कुठं स्क्रू आहे?”

तिनं पितळी पेटी किंचित उचलून दाखवली. एकही वजन वाजलं नाही.

“हे चालेल,” प्रतिनिधी म्हणाली, आणि तिनं ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायला, हे उघड होतं.

*

फॉर्म भरायला घेतला तेव्हा तीन वाजून गेले होते. टाचणी आता खुर्चीला टेकून बसली होती. तिनं दोन आठवडे या कागदांवर घालवले होते. रात्रपाळीहून आलेली तिची आई, जी दवाखान्यात नर्स होती, एकदा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली होती, “आमचे पेशंटसुद्धा एवढे तपासून घेत नाहीत.” आज ती ड्यूटीवर होती, जाताना “काय ते ठरवा, पण भांडून मला फोन करू नका” एवढंच सांगून गेली होती.

“वर्षाला किती किलोमीटर?” प्रतिनिधीनं विचारलं. “हे भाडं पंधरा हजारांपर्यंत आहे. वर गेलात तर दर किलोमीटरला बारा.”

“चौदा हजार दोनशे,” टाचणी लगेच म्हणाली. “अंदाज नाही. मोठ्या आईच्या वहीतून बेरीज केलीय. गेल्या वर्षीच्या सगळ्या खेपा, अधिक नवीन चाळीस दुकानं.”

प्रतिनिधीचं पेन कागदावर टेकलं.

“टाचणे,” थोरली म्हणाली, “कोठार किती लांब?”

“अठ्ठेचाळीस.”

“वहीत किती लिहिलंय?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग परत कशी येतेस?”

पहिल्यांदा टाचणीला प्रश्नच कळला नाही. मग कळला. कळला तेव्हा टेबल, फाइल, प्रतिनिधीचं पेन सगळं जिथल्या तिथं होतं आणि तरी तिला खोली एका बाजूला कलल्यासारखी वाटली.

आजोबांचा नियम. दुकान काढलं तेव्हापासूनचा. गिऱ्हाइकाकडे जाण्याचे पैसे लावायचे, येण्याचे नाही. “येताना मी माझ्या घरी येतो,” असं ते म्हणत, “मी घरी येण्याचं भाडं त्यानं का द्यावं?” म्हणून वहीत अंतराचा एकच आकडा. आजोबांनी तसा लिहिला, थोरल्या काकांनी तसा सांगितला, मोठ्या आईनं एकतीस वर्षं तसा उतरवला, आणि टाचणीनं त्याची बेरीज केली. नव्या चाळीस दुकानांचंही तिनं आपल्याच घरच्या पद्धतीनं मोजलं होतं: जाण्यापुरतं. व्हॅनच्या मीटरवर ताडून पाहावं, तर त्याचा आकडा सात वर्षांपूर्वी थांबला होता आणि तो दुरुस्त करण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. जगाचे काटे ग्रॅमाग्रॅमानं तपासणारं घर!

“अठ्ठावीस हजार चारशे,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आला.

आत्याचं पेन आधीच धावत होतं. “मर्यादेच्या वर तेरा हजार चारशे. गुणिले बारा, भागिले बारा महिने... महिन्याला तेरा हजार चारशे जास्तीचे. बावीस आणि हे, पस्तीस हजार चारशे.”

“तीस हजार किलोमीटरचं भाडं असतं,” प्रतिनिधी हळूच म्हणाली. “साडेसत्तावीस.”

भाऊंनी आणि थोरलीनं मिळून ठरवलं होतं की बाहेरच्या कामाला गाडीपायी महिना चोवीस हजार पेलतील. त्यावर एक दमडी नाही. हा आकडा टाचणीच्या कागदावर सगळ्यात वर, लाल शाईत होता.

आता बाबा बोलणार, टाचणीला वाटलं. बोलू देत. तिनं कागद गोळा करायला सुरुवात केली.

तीस वर्षं भाऊ त्या रस्त्यांवरून गेले होते आणि तीस वर्षं परत आले होते, आणि एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं की परत येण्यालाही अंतर असतं. मुलीला काय तोंडानं बोलणार?

“चूक तिची नाही,” थोरली म्हणाली. तिनं चिमटा खाली ठेवला, पेटी बंद केली आणि चामडं घडी करून वर ठेवलं. “वही माझी आहे. बेरजेला बसली तेव्हा मी इथंच होते. मला सांगायला हवं होतं.” मग प्रतिनिधीकडे वळून, “मधलं काही आहे? वीस हजारांचं?”

“तेवीस हजार आठशे.”

“किती वाजले?”

“सव्वातीन.”

“टाचणे, गेल्या वर्षीच्या दोन्ही वह्या आण. वन्सं, तुम्ही वाचा. भाऊजी, तुम्ही तो मोठा कागद टेबलावर पसरा आणि कंबर सांभाळून बसा.”

*

पुढच्या दीड तासाबद्दल आत्या नंतर कित्येक दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिली, आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज थोडा खाली यायचा.

ती तारीख आणि गिऱ्हाईक वाचायची. थोरली डोळे मिटून बसली होती. “कोठार, चार तारीख.” “पूल ओलांडून.” “भंगारवाला, सहा तारीख.” “तोच रस्ता, कोठाराच्या अलीकडे बारा किलोमीटर.” “रंगाचा कारखाना, सात.” “तोही पुलापलीकडे.” टाचणी मोठ्या कागदावर रेघ मारायची. तासाभरात कागदावर दुकानापासून निघालेले पाच रस्ते उमटले, आणि प्रत्येकावर मुंग्यांसारखी गिऱ्हाइकं. जिनं कधी गाडी चालवली नव्हती, कोठार कधी पाहिलं नव्हतं, तिला प्रत्येक फाटा ठाऊक होता. कुणाचा काटा कुठल्या महिन्यात तपासणीला येतो, कुणाचा उन्हाळ्यात चिकटतो, कोण फोन करताना “बंद पडला” म्हणतो आणि नुसतं साफ करायचं असतं, सगळं. नवरा घरी येऊन बोलायचा ते ती लिहायची, आणि लिहायची ते तिच्यात राहायचं.

चौतीस वर्षं आपण माणसं ओळखतो म्हणून मिरवलं, आत्याच्या मनात आलं, आणि ही बाई आपल्याच घरात बसून होती.

“एकाच आठवड्यात एकाच रस्त्यावर तीनदा,” थोरली डोळे उघडून म्हणाली. “तीनदा जाणं, तीनदा येणं. एका फेरीत झालं असतं.”

“गिऱ्हाईक बोलावतं तेव्हा जावं लागतं, वहिनी,” भाऊ म्हणाले. “आपलं नाव त्याच्यावर आहे. फोन आला की तासाभरात माणूस दारात.”

हे खरं होतं. हाच भाऊंचा दरारा. त्यांची गाडी दिसली की कोठाराचा मुकादम पायरीवर येऊन उभा राहायचा. हिशेबात ते कधी चमकले नाहीत, थोरल्या भावासारखा हातही नव्हता. पण फोन ठेवल्या ठेवल्या किल्ली उचलून निघणारा माणूस सगळ्या पट्ट्यात एकच होता. ते निघताना त्यांना स्वतःलाच आवडायचे.

“काटा बंद पडला तर जायचंच,” थोरली म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. “पण कोठारावर वर्षात अकरा खेपा आहेत, भाऊजी. काटा बंद पडला चारदा.”

प्रतिनिधी फाइलीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. भाऊंनी पट्टा सैल केला. आवळला नाही.

“उरलेल्या सातांतल्या तीन काढ,” ते शेवटी टाचणीला म्हणाले.

“का?”

“त्या मुकादमाकडे मोठा टीव्ही आहे. कबड्डीच्या मॅच होत्या.”

आत्याच्या हातातली वही टेबलावर पडली. “बाळ्या! दाखला द्यायला गेलास म्हणून लिहिलंय इथं!”

“दाखला दिलाच की! हाफटाइमला.”

टाचणी हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. सकाळपासूनचं सगळंच त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. थोरलीनं नाकावरचा चष्मा काढून पदरानं डोळे टिपले. भाऊ आधी फुरंगटले, मग कागद स्वतःकडे ओढून त्यांनी हातात पेन्सिल घेतली. “हीही काढ. रंगाच्या कारखान्यावरची मार्चमधली. ती पण फुकटची होती. आणि इथं, या दोघांना एका दिवशी घे, मध्ये शेताडीतून कच्चा रस्ता आहे, नऊ किलोमीटर वाचतात. तुला माहीत नाही तो. तुझ्या काकांनाही माहीत नव्हता.”

ज्या खेपांवर त्यांची ऐट उभी होती, त्याच ते एकेक करून खोडत होते, आणि दर रेघेला त्यांचा हात जास्त ठाम पडत होता. टाचणी त्यांच्याकडे बघत राहिली. वडील इतके देखणे असतात हे तिच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

सोमवार पुलापलीकडे. मंगळवारी टेकडीकडचा रस्ता. चाळीस दुकानं दोन फेऱ्यांत बसली. शुक्रवार मोकळा, खरोखर बंद पडलेल्यांसाठी. आत्यानं बेरीज केली, दुप्पट केली, उलट्या बाजूनं पुन्हा बेरीज केली.

“एकोणीस हजार शंभर. जाऊन-येऊन.”

“वीसचं घ्या,” थोरली प्रतिनिधीला म्हणाली.

“तेवीस हजार आठशे,” टाचणी पुटपुटली. “दोनशे उरतात.”

“उधळू नकोस,” आत्या म्हणाली.

प्रतिनिधीनं घड्याळ पाहिलं. पाचला पंधरा मिनिटं कमी होती. “मी तीन वर्षं हे काम करते,” ती म्हणाली. “किलोमीटर विचारले की लोक छताकडे बघतात आणि आकडा सांगतात. वर्षभरानं आमचं बिल जातं, मग मला शिव्या देतात. असं करताना मी कुणाला पाहिलं नाही.” मग तिनं शेवटचं पान त्यांच्याकडे फिरवलं. “एक कलम राहिलं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी मध्येच परत दिली, तर उरलेल्या भाड्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते.”

आत्यानं चष्म्यावरून टाचणीकडे पाहिलं. बघणारी ती एकटीच नव्हती.

“गाडी चार वर्षांची,” आत्या म्हणाली. “आणि तू?”

मोठ्या शहरातल्या एका मोठ्या काटे-कंपनीचं नोकरीसाठी पत्र टाचणीला दोनदा आलं होतं. दुसरं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं होतं आणि कुणीच वाचलं नव्हतं.

टाचणीनं श्वास घेतला. “मी थांबते. चार वर्षं. लिहून देते हवं तर.”

“काही लिहून द्यायचं नाही,” थोरली म्हणाली.

ती उठून उभी राहिली. ती बोलताना सहसा उभी राहत नसे, त्यामुळे भाऊसुद्धा खुर्चीत सरळ झाले.

“सही कुणाची आहे इथं? माझी आणि भाऊजींची. भागीदार आम्ही. या कागदानं बांधले जाणार ते आम्ही दोघं. तू दोन वर्षांनी गेलीस तर आम्ही माणूस ठेवू, फेऱ्या आखलेल्या आहेत, कुणीही चालवील. गाडी परत द्यावी लागणार नाही आणि तुला कुणी विचारणार नाही. थांबलीस तर काम आवडतं म्हणून थांब. आमच्या अठ्ठेचाळीस हप्त्यांसाठी नको.”

“मोठी आई, पण—”

“पण काय? मला एका सहीसाठी चार वर्षं माणूस गहाण ठेवून घ्यायचं नाही. वन्सं, पेन.”

आत्यानं पेन दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

थोरलीनं सही केली. हळू, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. भाऊंनी खाली केली. टाचणी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली होती आणि तिचे खांदे पाहता कुणीही तिला तिथून हाक मारली नाही. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं, परत आली, मोठा कागद काळजीपूर्वक गुंडाळला आणि म्हणाली, “सोमवारी सकाळी सातला निघावं लागेल. खोका उद्या व्हायला हवा.”

“सुतार माझ्या ओळखीचा आहे,” भाऊ म्हणाले.

“तुमच्याकडे बघून माप जास्त लावतो तो. मी जाते.”

प्रतिनिधी बसची वेळ गाठायला निघाली, आणि ती दाराबाहेर पडते न पडते तोच दुकानातला फोन वाजला. भाऊ सवयीनं उठले. कमरेला हात लावत, पण झपकन. पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येण्याइतका मोठा होता. पिठाच्या गिरणीचा मालक. काटा पाच-दहा ग्रॅम मागंपुढं दाखवतोय. आता लगेच कुणी येईल का?

भाऊंची नजर किल्लीच्या खुंटीकडे गेली. खुंटी रिकामी होती. त्यांनी टाचणीच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. तिनं ती चटकन उलगडून त्यांच्यासमोर धरली. गिरणी कुठल्या रस्त्यावर येते ते त्यांनी स्वतःच बोटानं शोधलं.

“मंगळवारी,” ते म्हणाले. “हो. मंगळवारीच. तोवर दुसऱ्या काट्यावर चालवा... नाही, मी नाही. माझी मुलगी येईल.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. भाऊ ऐकून घेत होते. थोरलीनं वही उघडली होती, पण ती लिहीत नव्हती.

“ते सगळं खरं, साहेब,” भाऊ म्हणाले. “पण तिच्यासाठी चहा टाकू नका. चहात वेळ घालवत नाही ती. काटा तेवढा आधी रिकामा करून, पुसून ठेवा. आणि ती सांगेल ते ऐका. मी घरात तेच करतो.”